रामनवमीची बाराखडी

“हा ‘द’, बुवा. आणि घाई करू नका, अक्षर कुठं पळून जात नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

चिंतामणबुवांना घाम फुटला होता. जन्मभर कागदावर नजर पडली की कानातला मणी वाचून दाखवायचा. त्यामुळे वाचणंही नाही आणि पाठांतरही नाही. आता उपग्रह बिघडून अख्ख्या गावाचे मणी मुके झाले होते, आणि परवावर रामजन्माचं कीर्तन. गावात वाचता येणाऱ्या एकट्या द्वारकाबाई, वय वर्षं नव्वद.

दोन दिवसांत बुवांनी कशीबशी बाराखडी गिळली. नवमीला दहा वाजता ते वही उघडून उभे राहिले. “द… या… ळा…” पुढचं अक्षर ओळखू येईपर्यंत ते मागचंच आळवत राहिले. पेटीवाला थकला, पण मंडपात माणसं डोळे पुसू लागली.

बारा वाजले. राम अजून दोन ओळी लांब होता. पाळण्याची दोरी धरलेले गुरव कासावीस झाले. बुवांनी घाबरून द्वारकाबाईंकडे पाहिलं.

“थांबेल राम,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अक्षर सोडू नका.”

राम एक वाजता जन्मला.

सुंठवडा वाटताना गुरव म्हणाले, “बुवा, इतकी वर्षं कीर्तन ऐकलं, पण एकेक शब्द आज भेटला. पुढच्या वर्षी मणी बोलायला लागला तरी घरीच ठेवून या. फक्त नऊला उभे राहा, म्हणजे राम बाराला जन्मेल.”