सोडलेला चेंडू

नीटच्या परीक्षेत सदफ एकही प्रश्न सोडत नसे, अन् चुकलेल्या उत्तरांपायी होते तेही मार्क घालवून बसे. मोबाइलवरच्या बेसबॉलमध्येही तीच तऱ्हा; दिसला चेंडू की फिरवली बॅट. म्हणून अहमदपूरच्या दुकानातून तिच्याशी ऑनलाइन खेळणाऱ्या अब्बांनी अटच घातली, “जिंकलीस तर लातूरला क्लासात आणखी वर्षभर, न्हाईतर बोऱ्याबिस्तर गुंडाळ.” शेवटच्या डावात बरोबरी होती, तिन्ही तळांवर तिचे खेळाडू. बॅटच्या टप्प्याबाहेरचे, लांबचे चार चेंडू सोडले की नियमाने सगळे एकेक तळ पुढे सरकून जिंकणारी धाव फुकट मिळणार होती. अब्बा मुद्दाम लांबच टाकत फोनवर डिवचत होते, “हाण की बेटी, भ्यालीस काय?” अंगठा शिवशिवला, पण तिनं तीन सोडले. चौथा लाडूसारखा सरळ आला अन् ऐनवेळी बाहेर वळला. तिनं अंगठा मुठीत धरला. धाव मिळाली. हरलेले अब्बा खुशीत ओरडले, “सोडायला शिकलीस! उद्यापासून वर्षभरासाठी मेसचा डबा लाव.”