लांब्याची वेळ

बारा वाजून गेले तरी सूर्यभान वावरातून परतला नव्हता. गोदाबाई तिसऱ्यांदा दारात आली. घरात, कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डाल्याखाली, लांब्या कुईकुई करत होता.

लांब्या म्हणजे चंदाचा कुत्रा. वीतभर पाय आणि संपता संपेना अशी पाठ. अमरावतीला शिकणाऱ्या चंदाला घरमालकानं कुत्रा ठेवू दिला नाही, म्हणून दसऱ्याला तिनं तो आईबापाकडे आणून सोडला. पंधरा दिवसांत त्यानं खाटेवरून उडी मारली आणि त्याचे मागचे पाय लुळे पडले.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सूर्यभानला बजावलं होतं. सहा आठवडे कोंडून ठेवा. पाय जमिनीला लागू देऊ नका. दर तीन तासांनी एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून उचला आणि पोट दाबून लघवी करवा. लघवी तुंबली तर जीव जाईल.

पोट दाबायचं सूर्यभानलाच जमलं. पोळ्याला धाकटा भाऊ गोपाल विहिरीत सापडल्यापासून तो कोणाशी धड बोलला नव्हता. डॉक्टरांकडून परतताना जीपमध्ये मात्र तो दर्यापूरपर्यंत कुत्र्याशी बोलत आला.

सहा आठवडे झाल्यावर गोदाबाई एकटीच टोपली घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आली. पाठीचं दुखणं आहे, म्हणाली, वेळ लागते.

आता सव्वा वाजला होता.

शेजारची कुलसुमबी दारात येऊन टेकली. तिचा नवरा बशीर गाद्या भरायचा. लांब्याची छोटी गादी त्यानंच भरली होती.

"आमच्या यायनं जनमभर गाद्या भरल्या, पन कुत्र्याची पयल्यांदाच," ती म्हणाली. "लोकं हसते मले. अन् हा काहून रडून राहिला?"

"त्याची येळ टळली."

"मंग आना इकडं. मी उचलते. आमच्यात कुत्र्याले शिवत नाही, पन मले धुवून घेता येते हात."

"नोको." गोदाबाई डाल्याच्या आड उभी राहिली. "त्याले त्यायचाच हात लागते."

"तं जाऊन पाहा ना वावरात. इथं उभं राहून काय होते?"

गोदाबाई डाल्यापासून हलली नाही. पोळ्यानंतर महिनाभर ती रोज नवऱ्याच्या मागं वावरात गेली होती. एक दिवस वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी थांबून तो म्हणाला होता, "राखण करून राहिली काय माही? उद्या मागं आली, तं परवा मी सापडनार नाही." त्यानंतर ती गेली नाही.

कुलसुमबी गेली. गोदाबाईनं पोळ्या केल्या. एक करपली, ती तशीच टोपल्यात ठेवली. घड्याळाकडे पाठ करून बसली, पुन्हा उठली. पावणेदोन. चप्पल घातली, काढली. लांब्या आता गप्प झाला होता आणि तिला त्या गप्पपणाची आणखीच भीती वाटली.

दोनला फाटक वाजलं. सूर्यभान जवळजवळ पळतच आला.

"हाय ना वं हा?"

"हाय. कुठं होते?"

त्यानं उत्तर न देता डालं बाजूला केलं, दोन्ही हात घालून लांब्याला अलगद उचललं आणि परसात नेलं. पोट दाबलं. धार लागली, तेव्हा त्यानं श्वास सोडला.

"विहिरीवर बसलो होतो," तो म्हणाला. "पानी पाहून राहिलो होतो. मंग ध्यानात आलं, याची येळ झाली."

गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जेवून घ्या."

"पाय हलवते वं हा. खाली ठेवून पाहू का?"

"नोका ठेवू." तिचा आवाज चढला. मग ती हळू म्हणाली, "नस उडते ती. डॉक्टर म्हनते, पाय टेकला तं पुन्हा बसन."

"अजून किती दिवस?"

"लय दिवस."

त्यानं मान हलवली. लांब्याला गादीवर ठेवून वर डालं झाकलं. जेवला. निघताना डाल्यापाशी वाकून म्हणाला, "पाच वाजता येतो रे. धरून ठेवजो."

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत गोदाबाई पाहत राहिली. मग आत येऊन तिनं कडी लावली आणि डालं उचललं.

लांब्या चारही पायांवर उठला, अंग झटकलं आणि शेपूट हलवत चुलीपर्यंत पळत गेला.