नऊ तास चाललेली बोट

"बारा वर्षांची बोट आणि इंजिन चाललंय फक्त नऊ तास!" मीटरवर वाकलेल्या नवऱ्याचा आनंद गगनात मावेना. "अगं, जवळजवळ नवी कोरीच आहे. खास फॅमिलीसाठीची जेट बोट. आता दर रविवारी आपण चौघं पाण्यावर. ठरलं!"

विकणारे गृहस्थ ओशाळं हसले. "जिवापाड जपलीये हो. वेळ तेवढा मिळाला नाही."

बायकोने सीटखालचा कप्पा उघडला. आत मुलांची लाइफ जॅकेटं होती, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. "हो सर, येतो ना. रविवारी मला काय काम असतं?" असं म्हणत तो धक्क्याच्या पार टोकाला गेला.

या नवरा-बायकोनेच तपासणीसाठी बोलावलेला मेकॅनिक इंजिनाचं झाकण लावून हात पुसत होता. बायकोने हळूच त्याला विचारलं, "खरं सांगा दादा, मीटर मागे फिरवलंय ना?"

"छे हो ताई, एक मिनिटही नाही. मीटरची हमी माझी."

"इतकी खात्री?"

"याआधी ही विकत घेणाऱ्या सहा साहेबांसाठी मीच तपासलीये ना. दर वेळी तलावात दीड तास पळवून बघतो. नऊच्या नऊ तास माझेच आहेत." त्याने किल्ली फिरवली. "आज साडेदहा होतील."