बोलके हात

ईश्वरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची आणि ते ऐकायला समोरच्याचे डोळे लागायचे. तिच्या बाबांचे, दिगंबरचे डोळे मात्र सदा मोबाइलमध्ये. शेवटी तिने त्यांना काही सांगणंच सोडलं.

“तुम्ही घरी आलात की तिचे हात गप्प होतात,” बायको म्हणाली. तेव्हापासून घरी येताच दिगंबर मोबाइल कपाटात ठेवू लागला. हात सवयीने रिकाम्या खिशाकडे जायचा, तरी लेकीसमोर बसून राहायचा.

एका संध्याकाळी ईश्वरीचे हात उठले. शाळेजवळच्या तळ्यातले बगळे ती सांगू लागली. बोटांचे पंख झाले, मनगटाची मान वळली आणि अख्खा थवा छोट्याशा खोलीतून वर उडाला.

दिगंबर आ वासून बघतच राहिला. मग अडखळत्या हातांनी त्याने विचारलं, “पुढे काय झालं?”