दिवसाला पाच

मिरजेतली एक संस्था पाय गमावलेल्यांना फुकट कृत्रिम पाय बसवून द्यायची. तिथल्या कारागिरांचं काम जोखायची जबाबदारी अक्षताची. कपिल दिवसाला पाच पाय बनवायचा, निजामभाई जेमतेम एक. तिनं निजामभाईंना कामावरून कमी केलं आणि कपिलच्या सत्कारासाठी, त्यानं पाय बसवलेल्या माणसांचे फोटो काढायला ती पाटणला गेली.

पहिल्या घरात पाय खुंटीला टांगलेला होता, दुसऱ्या घरात माळ्यावर. तिसऱ्या घरी येसूबाई भिंतीला धरून एका पायावर दारात आल्या.

"आजी, पाय घालत नाही?"

"घातला की रगात येतंय, बाई. शेजारच्या हौसाला निजामभाईनं करून दिलाय, ती बग रानात भांगलायला गेलीया."

अक्षतानं काढलेला कॅमेरा परत पिशवीत ठेवला.

येसूबाईंनी तिचा हात धरला. "माझाबी त्यास्नीच करू दे. एवढं सांगशील का गं?"