वजीहचा होकार

जनमत चाचणीतलं हे शेवटचं घर पटकन उरकलं, तर इस्रायली लष्कराचा नाका बंद व्हायच्या आत आपण नाबलुसला घरी. रूलाचा हिशोब सरळ होता.

"मावशी, घरातल्या मोठ्या माणसांत पुढचा वाढदिवस कुणाचा? नियमाने मत त्याचंच घ्यायचं असतं."

"माझ्या लेकाचा, वजीहचा. झोपलाय तो. मी सांगते ना!"

रूलाने घड्याळ बघितलं आणि नियमाकडे काणाडोळा केला. "सरकारवर विश्वास आहे त्याचा?"

"कुठल्या? इथल्या वेस्ट बँकेतल्या की गाझातल्या? दोघांनाही खुर्ची सोडवत नाही म्हणतो."

"शांतता येईल?"

"येणारच म्हणतो. वेडा आहे!" म्हातारी खुदकन हसली.

दिवसभरातला तो पहिलाच होकार. तेवढ्यात आतून सून हलकेच म्हणाली, "आई, त्यांना जाऊन वर्ष झालं. आता पुढचा वाढदिवस तुमचाच."

मेलेल्यांची मतं धरत नाहीत. रूलाने सगळी उत्तरं पुसली. "मावशी, आता तुमचं मत सांगा. शांतता येईल?"

म्हातारी सुनेकडे बघून म्हणाली, "नाही."

रूला वेळेत घरी पोचली, चाचणीला नियमात बसणारं उत्तर मिळालं. त्यासाठी एका आईला लेकाचा होकार स्वतःच्या तोंडाने खोडावा लागला.