डावी बाजू

"गाठ जुनी आहे, आजी," डॉक्टर आयझिरेक म्हणाली. "कवटीच्या तळाशी, कानाच्या नसेच्या आवरणावर. साधी आहे, कर्करोग नाही. आजोबा घोड्यावरून पडले, डोक्याचा फोटो काढला, म्हणून दिसली तरी. पण डावा कान केव्हाचाच गेलेला असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

बातमाकानला हसूच आलं. "यांचा कान? अगं, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कुणी घोडीची किंमत पाडून मागितली, तर यांना इथं ऐकू येतं!"

"ते उजव्या कानानं," म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळली.

बातमाकानचं हसू ओठांवरच राहिलं. दस्तरखानावर, जेवायला अंथरलेल्या कापडाभोवती, बायकांची बाजू डावी. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या डाव्या हाताला, चहाच्या समोवारापाशी बसत आली होती. आत्ताही, नारीनच्या या इस्पितळात, स्टूल तिनं सवयीनं डावीकडेच ओढलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं "अहो, ऐकलंत का?" म्हणायची. असानकान मुळातच घुमा. घोड्यांशी बोलतो तेवढं बायकोशी बोलत नाही, असं अख्खं गाव म्हणे. न मिळालेल्या उत्तरांचा हिशेब तिनं मनात चोख ठेवला होता, आणि त्यात एकच बाकी मोठी होती.

एकुलता मुलगा एरमेक मॉस्कोत बांधकामावर होता. ऐन हिवाळ्यात त्याचा फोन आला. "आई, परत येऊ का?"

"थंडी सरेपर्यंत काढ रे कसंतरी. घराचं छप्पर व्हायचंय अजून."

थंडी सरायच्या आत त्याची शवपेटी आली. चाळिसाव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले, आणि चहा ओतता ओतता तिनं विचारलं, "अहो, ऐकलंत का? मी त्याला ये म्हणायला हवं होतं ना?"

असानकान उठला आणि घोड्यांना पाणी दाखवायला गेला. तो निकाल समजून ती इतकी वर्षं जगली.

आणि यांनी ऐकलंच नव्हतं! एका मेल्या गाठीची शिक्षा ती भोगत बसली होती.

ती उठली. स्टूल फरफटत खाटेला वळसा घालून उजवीकडे आली, जिथं ती जन्मात कधी बसली नव्हती. शेजारचा म्हातारा टकामका बघू लागला. तिनं कानाशी वाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

असानकाननं नजर छताकडे वळवली.

"तेव्हा कान शाबूत होता माझा," तो म्हणाला. "त्यानं आधी मलाच विचारलं होतं. मी येऊ नको म्हणालो."